दोन बोटं खाली

जीन्सची कंबर खाली सरकणार की जागच्या जागी राहणार, हे ठरवायला त्या रविवारी घरातली पाचही माणसं कारखान्यात जमली होती, आणि पाचांपैकी एकानंही अजून तोंड उघडलं नव्हतं. याचा अर्थ भांडण मोठं होणार होतं. या घरात किरकोळ भांडणं दारातच सुरू व्हायची. बसायला खुर्च्या शोधल्या गेल्या की समजावं, आज कुणाचं तरी खरं नाही.

शिलाईची मशीनं पांघरुणं घेऊन झोपली होती. डेनिमचे तागे भिंतीला टेकून उभे होते, आणि मधोमध कटिंगचं लांबलचक टेबल झाडूनपुसून रिकामं केलेलं होतं. रिकाम्या टेबलाचा अर्थ या घरात शेंबड्या पोरालाही कळायचा. घरच्या सुनेच्या, म्हणजे वहिनीच्या, आजेसासऱ्यांनी कामगार बायकांसाठी जाड्याभरड्या पँटी शिवायला घेतल्या तेव्हापासूनचा नियम होता: नवी पँट कापायला घेण्याआधी घरातल्या बाईनं ती घालून टेबलावर चढायचं. म्हातारा म्हणायचा, पँट ही समोर डोळ्यांच्या रेषेत धरून बघायची वस्तू आहे, वरून बघितली तर फक्त मालकिणीचं तोंड दिसतं. मग सगळ्यांनी टेबलाभोवती फिरायचं, शिवणींवर नाक टेकवायचं. बाईनं वाकायचं, उकिडवं बसायचं, उठायचं, आणि शेवटी ती ‘चालेल’ म्हणाली की कात्री चालायची. नाही म्हणाली तर नाही. कापड कापायला तिच्याच मापाचा पुठ्ठ्याचा फर्मा, आणि तिचाच शेवटचा शब्द. घरातल्या तिजोरीच्या किल्ल्यांना नव्हता एवढा त्या टेबलाला मान होता.

लग्न होऊन आल्यापासून तिथे बाईच चढत आल्या होत्या. बाई म्हणजे वहिनीची सासू. नंबर तीस. शिलाईच्या बायका पाठीमागे त्यांना ‘तीस नंबर’च म्हणायच्या. बाईंना ते ठाऊक होतं, आणि आवडतही होतं. “दोन पोरं झाली, पण लग्नात तीस होते, आजही तीसच आहे,” हे वाक्य वहिनीनं इतक्यांदा ऐकलं होतं की झोपेत कुणी हलवलं असतं तरी तिनं ते म्हणून दाखवलं असतं. पहिल्या बाळंतपणानंतर तिनं दबक्या आवाजात बत्तीसची जीन्स मागितली, तेव्हा बाईंनी मशीनं चालू असतानाही शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशा आवाजात विचारलं होतं, “बत्तीस? एवढ्यात?”

पण नवा गुडघा बसवल्यापासून डॉक्टरांनी बाईंना स्टुलावरसुद्धा चढायची मनाई केली होती. तेव्हा आज निकाल दोन गोष्टींचा लागायचा होता. जीन्स कुठली, आणि टेबलावर कोण.

वहिनीला ते टेबल हवं होतं. दुकानं ती फिरायची, ऑर्डरी ती आणायची, ट्रायल रूमच्या पडद्याबाहेर उभी राहून आतल्या बायकांचे सुस्कारे ती ऐकायची. पण ‘चालेल’ की ‘नाही’ म्हणायची वेळ आली की तिला चहा टाकायला पाठवलं जायचं. सगळा कारखाना तिला वहिनी म्हणायचा, कधीकधी चारचौघांत घोटाळा होऊन तिचा नवराही म्हणायचा, आणि वहिनी म्हटलं की लोकांना हुकूम आठवत नाही, चहा आठवतो.

“मग?” बाईंनी गुडघ्याखाली उशी सरकवली. “कोण काय म्हणतंय?”

“आई, जगात कंबर खाली गेलीय,” ठिणगी म्हणाली.

ठिणगी म्हणजे नणंद. ती पाळण्यात असताना बापानं ठेवलेलं हे लाडाचं नाव पुढे तिनं मन लावून सार्थ केलं. सासरी राहून ती घरच्या जीन्स ऑनलाइन विकायची, आणि आज येताना परत आलेल्या पार्सलांचं एक भलंमोठं गाठोडं तिनं दाराशी आणून आपटलं होतं.

“जगात बरंच काही खाली गेलंय,” बाई म्हणाल्या. “आपण काय म्हणून जायचं? आपल्या घराण्यात आजवर कुणाची कंबर खाली सरकलेली नाही.”

“कुठल्याही दुकानाची काच बघ. खाली कंबर, रुंद पाय. पोटावर चढणारी जीन्स आता कोण घालतं? मावश्या.”

“मी घालते,” वहिनी म्हणाली.

“तेच म्हणतेय मी, वहिनी.”

वहिनीचा नवरा, दादा, खुर्चीतल्या खुर्चीत हलला. घरात दोन बायका समोरासमोर आल्या की तो एकदम हिशोबी माणूस व्हायचा. “दोन्ही शिवूया की. थोड्या खालच्या, थोड्या वरच्या.”

“तू गप रे,” आई आणि बहीण एका सुरात म्हणाल्या. दिवसभरातलं त्यांचं ते पहिलं एकमत.

“मी सांगते दुकानात काय होतं ते,” वहिनी म्हणाली. “खालच्या कमरेची जीन्स पोरी हौसेनं उचलतात. आत जातात. मग पडद्याआडून आधी उड्या ऐकू येतात, मग शिव्या. बाहेर येताना मागून एका हातानं जीन्स वर ओढत येतात आणि मला म्हणतात, हिच्यात खाली बसायचं कसं? मी म्हणते, बसायचं नाही, नुसतं उभं राहायचं. आणि ती परत खुंटीवर.”

“तुला विकता येत नाही म्हणून फॅशन थांबवायची?”

“आणि तुझी पार्सलं का परत येतात गं मग? ती तर वरच्या कमरेची आहेत ना?”

हा टोला बसला. ठिणगीचे कान लाल झाले. “त्याचंच मला विचारायचंय बाबांना,” ती म्हणाली. “सगळ्यांची एकच तक्रार आहे. मोठी पडते, मोठी पडते, मोठी पडते.”

बाबा, म्हणजे मास्तर, टेबलाच्या पलीकडच्या टोकाला खडूचा तुकडा दोन बोटांत फिरवत बसले होते. फर्मे तेच काढायचे. कारखान्यात सगळे त्यांना मास्तर म्हणायचे म्हणून बाईही मास्तरच म्हणायच्या. अंगानं काटकुळे, स्वभावानं त्याहून. पहिल्या दिवसापासून त्यांचं एकच धोरण होतं, की वादळ आलं तर आपण गवत व्हायचं.

“बायका खोटं माप सांगतात,” बाईंनी परस्पर निकाल दिला. “आपलं असेल त्याच्यापेक्षा मोठं.”

“आई, जगात आजवर कुठल्या बाईनं आपलं माप वाढवून सांगितलंय?”

बाईंनी गुडघ्याखालची उशी पुन्हा सारखी केली.

“ते राहू दे,” ठिणगी उठली. “बाबांनी माझा नमुना शिवलाय. खालची कंबर, नंबर तीस. मी घालते आणि चढते. आई चढू शकत नाही, आणि आईनंतर घरात खरी तीस नंबर मीच आहे. वहिनीचं बत्तीस.”

वहिनीनं बाईंकडे बघितलं. बाईंनी तोंडातल्या तोंडात ‘बत्तीस’ असं म्हणून मान हलवली, जणू शेजाऱ्यांच्या घरात चोरी झाली होती. म्हणजे टेबल गेलं. लेक चढणार, लेकीचा फर्मा होणार, आणि पुढची सगळी वर्षं वहिनी दारोदार अशी जीन्स घेऊन हिंडणार, जी घालून बसायचं नसतं.

ठिणगी ताग्यांच्या आड गेली, नवा नमुना घालून आली आणि स्टुलावरून टेबलावर चढली. पाय रुंद, निळा रंग खोल, मागचे खिसे झकास. दादानं शीळ घातली. ठिणगीनं ऐटीत दोन्ही हात वर केले, आणि जीन्स खाली आली.

पूर्ण नाही. अर्ध्या वाटेत तिनं पकडली. पण पकडली नसती तर घराण्यातली पहिली कंबर त्या दिवशी सरकलीच असती, आणि थेट घोट्यापर्यंत.

“अगं बाई!” बाई गुडघा विसरून उभ्या राहिल्या. “एवढी वाळलीस? जेवतेस का नाही?”

“जेवते.”

“मग हे काय? तीस नंबर अंगावर ठरत नाही! अहो मास्तर, पोरगी बघा तुमची. सासरी पोरीची चिपाडं झालीत आणि आपण इथं कमरा मोजत बसलोय.”

दादाचा चेहरा थोरल्या भावाला शोभेल इतका गंभीर झाला. “तुमचं दोघांचं बरं चाललंय ना? काही असेल तर सांग. आपलीच माणसं आहेत.”

“दादा, जीन्स सैल आहे. संसार नाही.”

पण तोवर बाईंनी जावयाला फोन लावलेला होता. स्पीकरवर. “जावईबापू, पोरीला पोटभर घालता ना?”

पलीकडून जावयाचा सावध आवाज आला. “आई, घरात स्वयंपाक मी करतो. पण वाढून तीच घेते. भरपूर घेते. का? ती काही म्हणाली का?”

“ठेव तो फोन!” टेबलावरून ठिणगी ओरडली. एका हातानं जीन्स धरून ती खाली उतरली आणि दुसऱ्या हातानं आपली पिशवी उपडी केली. तिच्यातून तिची स्वतःची, बाजारातून विकत घेतलेली जुनी जीन्स निघाली. ती टेबलावर पसरली. आणखी एक गठ्ठ्यातली, घरची, परत आलेली, तिच्याखाली पसरली. दोन्हींच्या आतल्या बाजूला शिवलेलं लेबल उलटून दाखवलं. हीही तीस, तीही तीस.

खालची तीस वरच्या तिसाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आली होती. थोडीथोडकी नाही. लहान पोरानं बापाचा शर्ट घालावा, तशी.

मास्तरांच्या बोटांतला खडू खाली पडला आणि त्याचे तुकडे झाले.

वहिनीच्या डोक्यात आधी काहीच आलं नाही. मग एकदम सगळं आलं. लग्नात तीस, आजही तीस! दोन पोरं होऊन तीस! बत्तीस, एवढ्यात? तिच्या पोटात अशी काही गुदगुली उठली की तिला ओठ दाताखाली धरावे लागले. एवढी वर्षं ज्या तिसानं तिला पाण्यात पाहिलं होतं, ते तीस तीस नव्हतंच. आज घरी जाऊन ती आईला फोन करणार होती, बहिणीला करणार होती, सांगणार होती की…

आणि इथं तिची गुदगुली थांबली. कारण तिची नजर स्वतःच्या पोटावर गेली. तिच्या अंगावरची जीन्स याच कारखान्यातली होती. याच फर्म्याची. बत्तीस नंबर.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. वहिनीनं हळूच शर्टाची कड जीन्सवर ओढून घेतला.

“मास्तर,” बाईंचा आवाज अगदी मऊ झाला होता, आणि त्यांचा आवाज मऊ झाला की मशीनंसुद्धा अडकायची. “हे काय आहे?”

“पुठ्ठा आहे तो,” मास्तर म्हणाले. “जुना झाला की दमट हवेत फुगतो.”

“बाबा, एवढा?” ठिणगीनं अख्खा पंजा पसरून दाखवला.

मास्तरांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. पळायला वाट नव्हती, दारात पार्सलं होती. “तू दर वर्षी नवा नमुना घालून टेबलावर चढायचीस,” ते बायकोला म्हणाले. “चढलीस की म्हणायचीस, मास्तर, मागं काचतंय, तुमची शिवण चुकली. बरोबर?”

“चुकायचीच.”

“तू म्हणालीस म्हणजे चुकली. मी सोडवायचो. पुढच्या वर्षी तू म्हणायचीस, मास्तर, पोटात चुकली. मी पोटात सोडवायचो. मी खोटं काही केलं नाही. मी दर वर्षी माझी चूक सुधारत गेलो.”

“आणि नंबर?”

“नंबर बदल असं कुणी म्हणालंच नाही.”

दादा मध्येच हसला. बाईंनी त्याच्याकडे बघितलं. तो खोकला.

“म्हणजे तुम्ही सगळ्या बाजाराला फसवलंत?” ठिणगी म्हणाली.

“बाजाराला कशाला फसवू? मी एकीलाच घाबरलो. बाकीच्यांनी आपणहून घातल्या.”

हे मात्र खरं होतं, आणि वहिनीइतकं ते कुणालाच माहीत नव्हतं. दुकानांत बायका म्हणायच्या, तुमच्या जीन्समध्ये मी अजून अठ्ठावीस आहे हो, दुसरीकडे कुठं जात नाही मी आता. वहिनीला वाटायचं, कापड चांगलं म्हणून. तिनं तर एका दुकानदाराला आपल्या शिवणीवर व्याख्यान दिलं होतं. आणि शिवण कसली, भीती होती ती. एका काटकुळ्या माणसाची भीती गावोगावच्या बायकांच्या कमरेला सुखात ठेवत होती.

ठिणगी एव्हाना खालच्या कमरेच्या नमुन्यावर वाकली होती. टेप पुढून लावत होती, मागून लावत होती. “बाबा, मी चित्रात कंबर बेंबीच्या चार बोटं खाली काढली होती. ही किती आहे?”

“खाली आहे की.”

“किती?”

“दोन.”

“मी चार दिली होती!”

“चार फार होतात गं,” मास्तर पुटपुटले. “वाकलं की थंडी वाजते. दोन बोटं पुरे झाली. कळतं की खाली आहे म्हणून.”

“आणि चिकट जीन्सची फॅशन होती तेव्हा?” दादाच्या डोक्यात आता प्रकाश पडायला लागला होता. “आपली कधी पुरती चिकटलीच नाही. गिऱ्हाइकं म्हणायची, तुमचीच तेवढी काढता येते.”

“दोन बोटं सैल ठेवायचो. रक्त फिरायला नको?”

“आणि खाली घेर वाढला तेव्हा?”

“दोन बोटं कमी घेर. सायकलच्या चेनमध्ये जातो.”

गुडघ्याला भोकं पाडायची लाट आली त्या वर्षाचं तर विचारायलाच नको होतं. घरात सगळ्यांना ते पाठ होतं. भोकं पाडून ठेवलेला अख्खा ढीग आजेसासूबाईंनी दुपारच्या झोपेच्या वेळी रफू करून ठेवला होता. कुणाचा तरी गरिबांना वाटायचा माल दिसतो म्हणून. आणि तो रफूचाच माल मास्तरांनी न बोलता दुकानांत धाडला होता, आणि तो हातोहात खपलाही होता. बाई तेव्हापासून पाहुण्यांना सांगायच्या, “आपण फॅशनच्या मागं धावत नाही. सावकाश चालत जातो. हा आपल्या घराण्याचा विचार आहे.” विचार! घराण्याचा विचार म्हणजे मास्तरांची दोन बोटं होती.

“असली बोटचेपी जीन्स मला नको,” ठिणगीनं नमुना भिरकावला. तो वहिनीच्या मांडीवर येऊन पडला. “घाल, वहिनी, तूच घाल. बाबांनी तुझ्यासाठीच शिवलीय. ना खाली, ना वर.”

रागात फेकलेली वस्तू रागातच परत फेकायची असते. वहिनीच्या हातात मात्र ते कापड आलं आणि तिला वाटलं, घालूनच दाखवते. घालून दाखवते आणि सांगते, बघ, बसता येत नाही. ती ताग्यांच्या आड गेली. उडी मारावी लागली नाही. शिवी द्यावी लागली नाही. बटण लागलं. ती दबकत उकिडवी बसली. उठली. परत बसली. पाठीमागे वारा लागला नाही. पोटावरचा तो नेहमीचा वळ, जो संध्याकाळी जीन्स काढल्यावर लाल रेघ होऊन उरायचा, त्याच्या बरंच खाली कंबरपट्टा गुमान बसला होता.

वहिनीला अतिशय राग आला. जन्मभर वरच्या कमरेची बाजू घेऊन भांडलेल्या बाईला खालची कंबर आवडणं, आणि तीही नणंदेच्या सांगण्यावरून निघालेली, याच्याइतकं लाजिरवाणं दुसरं काही नसतं.

ती बाहेर आली तेव्हा तिच्याकडे बघायला कुणीच मोकळं नव्हतं. बाई खुर्चीत सरळ बसल्या होत्या आणि म्हणत होत्या, “टेप आणा.”

“जाऊ दे ना आई,” दादा म्हणाला.

“टेप आणा म्हटलं ना. माझं माप घ्या.”

मास्तर गेले. बाई उभ्या राहिल्या. मास्तरांनी टेप फिरवली, चष्मा वर केला, खाली केला. “चौतीस,” ते म्हणाले.

ठिणगीनं मान लांब केली. “बाबा.”

“साडेपस्तीस… छत्तीस. छत्तीस म्हणा.”

बाई हळूच खाली बसल्या. ओरडल्या असत्या तर सगळ्यांना बरं वाटलं असतं. त्या स्वतःच्या हातांकडे बघत राहिल्या. “त्या बटणवालीला मी काय काय बोलले गेल्या महिन्यात,” त्या म्हणाल्या. “म्हटलं, पस्तीशीला चौतीस म्हणजे आळस. मला बघ म्हटलं.” थोड्या वेळानं म्हणाल्या, “मशीनवरच्या बायका मला तीस नंबर म्हणतात. त्यांना माहीत असणार. हातांनी शिवतात त्या. सगळ्यांना माहीत असणार. मीच एक.”

“आई, तसं नाही…”

“ठिणगीला चढू दे टेबलावर,” बाई म्हणाल्या. “खरी तीस ती आहे. फर्मे तिच्यावर काढा. कंबर खाली न्या, डोक्यावर न्या, काय करायचं ते करा. आमची उतरली.”

ठिणगीला हवं ते मिळालं होतं, आणि तिचं तोंड मात्र कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं होतं. “मी तसं म्हणाले नव्हते,” ती हळूच म्हणाली. “मला एवढंच म्हणायचं होतं की नंबर खरा लावा. माणसं घरी बसून नंबर बघून मागवतात. टेबलावर कुणी का चढेना.”

“मग मी चढते,” वहिनी म्हणाली.

आपण बोललो हे तिला आपलाच आवाज ऐकून कळलं. कुणी काही म्हणायच्या आत ती स्टुलावर होती, आणि स्टुलावरून टेबलावर. वरून सगळं वेगळंच दिसत होतं. नवऱ्याच्या डोक्यावर मधोमध टक्कल पडायला लागलं होतं, हे तिला पहिल्यांदाच दिसलं.

“नमुना तोच घातलायस?” ठिणगी म्हणाली.

“तोच. दोन बोटं खालचा. मला चालेल.” मग ती ठिणगीकडे वळली. “चार बोटं मी विकणार नाही. वरची आता कुणी घेणार नाही, ते तुझं खरं आहे. ही विकते. आणि तू म्हणतेस तसा नंबर खरा लावायचा. दुकानात बायका मला मारायला उठतील, ते माझं मी बघते. त्यांना मी माझं लेबल काढून दाखवीन. बाबा, टेप घ्या. माझं माप घ्या. मोठ्यानं सांगा.”

मास्तरांना सुनेच्या कमरेला हात लावायचा संकोच वाटला, म्हणून टेप ठिणगीनं गुंडाळली आणि वाचायला मास्तर पुढे झाले. टेपेचा गारवा पोटाला लागला आणि वहिनीचं पोट आपोआप आत गेलं. ते नेहमीच जायचं. फोटो काढताना जायचं, सासूसमोर जायचं, दुकानाच्या आरशासमोर जायचं. सवयीचा नोकर मालकिणीनं हाक मारायच्या आधीच उभा राहतो, तसं.

“पस्तीस,” मास्तर म्हणाले. ठिणगीनं बघून मान डोलावली. खरं होतं.

वहिनीनं खाली बाईंकडे बघितलं. बाईंनी ‘पस्तीस’ ऐकलं होतं. त्यांनी एकदा वर बघितलं आणि मग नजर काढून घेतली. त्यांची मान आणखी खाली गेली. म्हणजे सूनसुद्धा. जिला एवढी वर्षं ‘एवढ्यात?’ म्हणून हिणवलं, तीसुद्धा आपल्यापेक्षा बारीक.

हा क्षण वहिनीनं किती वर्षं मागितला होता! आता तो हातात आला होता, आणि कोमट, शिळ्या चहासारखा लागत होता. बाईंच्या पांढऱ्या केसांतला भांग वरून वाकडा दिसत होता. दुखऱ्या गुडघ्याखालची उशी घसरून जमिनीवर पडली होती आणि ती उचलायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

वहिनीनं श्वास सोडला. पूर्ण सोडला. आत कुठं, कधीपासून धरून ठेवला होता कोण जाणे, तोही सोडला. पोट पुढे आलं आणि ऐसपैस बसलं. ठिणगीच्या बोटांतून टेप सरकत गेली. ठिणगीनं चमकून वर बघितलं. वहिनीनं तिच्याकडे बघितलंच नाही.

“थांबा बाबा,” ठिणगी जरा वेळानं म्हणाली. “टेप तिरकी होती मघाशी. पुन्हा वाचा.”

मास्तरांनी वाचलं. त्यांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी बायकोकडे बघितलं, सुनेकडे बघितलं आणि इतक्या बारीक आवाजात काहीतरी म्हणाले की ते त्यांच्या मिशीतच अडकलं.

“मोठ्यानं, बाबा,” वहिनी म्हणाली.

“सदतीस.”

बाईंची मान वर आली. “किती?”

“सदतीस, आई,” वहिनी म्हणाली.

“सदतीस!” बाई खुर्चीच्या कडेवर आल्या. त्यांच्या गालांवर हळूहळू रंग चढायला लागला. “माझ्याहून एकानं जास्त? या वयात? अगं, मी सासू आहे तुझी! तुझ्याएवढी असताना मी…” इथं त्या थांबल्या, कारण तुझ्याएवढी असताना आपण किती होतो हे आता कुणालाच सांगता येत नव्हतं. पण थांबल्या त्या हसू आवरण्यासाठीच. “गोल फिर. वाक. हं. बस बघू खाली. बसता येतंय?”

“येतंय.”

“वारा?”

“नाही लागत.”

“मग हिच्यावरच काढा फर्मा,” बाईंनी हुकूम सोडला. “सदतीसमध्ये जिला बसता येतं, तिच्याच मापानं जीन्स शिवायची असते. बाकीच्या काय, कशातही बसतात.”

“पण सदतीस असा नंबर नसतो,” ठिणगी म्हणाली. ती मान खाली घालून टेप गुंडाळत होती. “छत्तीस असतो, नाहीतर अडतीस.”

मास्तरांनी नवा कोरा पुठ्ठा टेबलावर ओढला, सुनेच्या पायांपासून हातभर अंतरावर. जमिनीवरचा खडूचा एक तुकडा उचलला. “मग छत्तीस लिहितो,” ते आपल्या नेहमीच्या, कुणालाही न दुखावणाऱ्या आवाजात म्हणाले.

“मास्तर,” बाई म्हणाल्या, “अडतीस लिहा.”